पिशवी उघडण्याआधी

तिसऱ्या वर्षाच्या सोळा मुली, दोन मुलगे,
दिघ्याच्या चढावर धापा टाकत.
मी मागे. गुडघा कुरकुरतो,
शिवाय मागे राहिलं की
पुढच्यांचं बोलणं नीट ऐकू येतं.

आयसीयू हवंय सगळ्यांना. नाहीतर दुबई.
इथे काय, थर्मामीटर आणि पत्ते शोधणं.
खरंय. पत्ते शोधणंच.
टाकीच्या खाली, पिठाच्या गिरणीला वळसा,
सुकटवालीच्या वरची खोली.

पिशवीचे नियम मी वीस वर्षं शिकवते:
जमिनीवर टेकवायची नाही, खाली वर्तमानपत्र.
उघडण्याआधी हात धुवायचे,
साबणाने, वाहत्या पाण्याखाली.
बंद करण्याआधी पुन्हा.
यालाच सहा गुण.

सरूबाई डोंगरदिवेंच्या घरात
नळ एक दिवसाआड.
दोन हंडे, एक कळशी. कळशी अर्धी.
तेजल भोईर कागद पसरते, बाह्या सारते
आणि थांबते.
सरूबाई तांब्या भरून उभ्या:
"धू की गं पोरी,
आल्यागेल्याला पाणी नाही म्हणू होय?"

तेजल माझ्याकडे बघते.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
वीस वर्षांत या जागी
मी एकदाही थांबले नव्हते.

तिने सॅकमधून स्वतःची बाटली काढली.
मुबीनाला म्हणाली, बारीक धार धर.
खाली घमेलं.
"हे मोरीला होईल, मावशी."
सरूबाईंनी तांब्या कळशीत परत ओतला,
थेंबही सांडू न देता.

मग रक्तदाब. एकशे ऐंशी, एकशे दहा.
गोळ्या?
"घेते ना. एक दिवसाआड.
पाणी येतं तशाच."
दारातली दोन पोरं फिसकन हसली, मग गप्प.
वहीत मुबीनाने लिहिलं होतं 'औषध टाळतात'.
तिनेच ते खोडलं, विचारलं,
ऐरोलीच्या कामावरून किती वाजता सुटता?
तीन.
आमचं केंद्र एकला बंद होतं.
दोन्ही आकडे तिने शेजारीशेजारी लिहिले
आणि खाली रेघ मारली,
वजाबाकी करतात तशी.

डॉक्टरांना फोन लावून, चिठ्ठी देऊन,
उद्या सुनेला घेऊन येण्याचं कबूल करवून
आम्ही निघालो.
कागदाची घडी घातली, जमिनीची बाजू आत.

उतरताना पुन्हा दुबईच.
तिथे पगार किती, एजंट कोण.
मी कोणाला काही म्हटलं नाही.
गुणपत्रिका काढली.
तेजलपुढे सहा मांडले,
आणि वर, छापील नियमातल्या
'वाहत्या' या शब्दाभोवती
पेन्सिलीने गोल केला.
अजून तसाच आहे.