घड्याळाशेजारचा मासा

सोळा रांगा, रांगेत सोळा चौकोन.
एवढ्याशा जागेत मासा काढायचा होता.
शेपटीला पाच ठिपके दिले, पोटाला सढळ हाताने,
डोळ्यासाठी एकच उरला. तो काळा केला,
तर मासा माझ्याकडे बघायला लागला.

नोल्बेर्तो बार्रिया म्हणाला होता,
"बाई, मला आणखी खिडकी नको.
सात आहेत, सातही बडबडतात.
कोपऱ्यात गप्प बसेल
आणि वेळ आली की ओरडेल, असं काही दे."
म्हणजे रखवालदारालाच
रखवालदार हवा होता.

चिलोए बेटावर, दाल्काउएच्या वरच्या अंगाला,
पत्र्याच्या शेडमध्ये चौदा टाक्या.
टाकीत चाळीस हजार पिल्लं, बोटाच्या पेराएवढी.
पाण्यातला प्राणवायू पाचाच्या खाली गेला
की हातात वीस मिनिटं.
मागच्या ऑगस्टात नऊ नंबरची टाकी जाळीने उपसली.
त्याबद्दल तो बोलत नाही,
कोपरापर्यंत हात दाखवतो फक्त.

मी आठ दिवस त्या कोपऱ्यासाठी खपले.
घड्याळाशेजारी जागा मागायची तर आधी अर्ज:
मी कोण, माझं चित्र कोणतं,
कुणी टिचकी मारली तर निरोप कुठे धाडायचा.
उजव्या टिचकीचा मेनू उघडला तो मिटेचना,
उंबऱ्यावर गप्पा मारत राहिलेल्या पाहुण्यासारखा.
त्याआधी "आता मी पुढे आहे" असं म्हणावं लागतं,
मगच तो मागे हटतो.
हे कळण्यात एक अख्खी रात्र गेली.
आणि टास्कबार कोसळून पुन्हा उभा राहिला
तर आपणच उठून सांगायचं, मीही होते इथे.
कुणी हाक मारत नाही.

हिरवा म्हणजे ठीक. पिवळा, बघ. लाल, पळ.

जूनमधली रात्र, तीन वाजून दहा.
मासा हिरवा.
नोल्बेर्तो पडद्यावर पत्ते लावत बसला होता,
इस्पिकची राणी अडली होती.
कंटाळून त्याने माउस कोपऱ्यात नेला
आणि मासा गेला.
लाल नाही झाला, ओरडला नाही,
बाण टेकला मात्र, आणि जागा रिकामी.

तो धावला. एक बूट घालून.

अकराव्या टाकीत पिल्लं वर येऊन
तोंडं उघडमीट करत होती.
त्याने व्हॉल्व्ह फिरवला, उभा राहिला.
दोनएकशे गेली. बाकीची खाली उतरली.

सकाळी मी नोंदी उघडल्या.
पाऊणला अकराव्या सेन्सरने
आकड्याऐवजी काहीच पाठवलं नव्हतं,
आणि त्या काहीचनेच मी भागायला गेले होते.
प्रोग्रॅम जागच्या जागी मेला.
मरताना स्वतःचं चित्र काढून घ्यायला
त्याला सवड मिळाली नाही.
चित्र राहतं मग तसंच, हिरवंगार,
कुणी बाण नेईपर्यंत.
तेव्हा कुठे विंडोज विचारतं, मागे कोणी आहे का,
आणि उत्तर आलं नाही की पुसून टाकतं.

हे सगळं मी त्याला समजावलं, कागदावर चौकोन काढून.
त्याने ऐकून घेतलं. चहात साखर ढवळत राहिला.
"म्हणजे," तो म्हणाला, "अडीच तास
मी कुणाकडे बघत होतो?"

आता दर पाच सेकंदांनी
शेपटीचा एक ठिपका सरकतो.
पहिल्या प्रोग्रॅमवर दुसरा लक्ष ठेवतो.
दुसऱ्यावर कोण, हे त्याने विचारलं नाही,
आणि मी सांगितलं नाही.

पण रात्रपाळीला मी कधी थांबले तर बघते:
पत्त्यांचा डाव अर्ध्यावर ठेवून
तो बाण हळू कोपऱ्यात नेतो,
निजलेल्या पोराच्या नाकाखाली
बोट धरावं तसा.
मासा असतो.
वर आकडा उमटतो, आठ पूर्णांक दोन.
तो वाचतो, ओठ हलवून,
आणि तरीही
थोडा वेळ बाण तिथेच ठेवतो.