अंगठा उमटत नाही

निपाणीच्या नोंदणी कचेरीत
आक्काताईचा अंगठा चौथ्यांदा काचेवर ठेवला.
लाल दिवा तसाच.
"हेब्बेट्टु, अज्जी, हेब्बेट्टु," कारकून म्हणाला,
आणि तिनं तो पुन्हा पदराला पुसला,
जणू चूक अंगठ्याचीच.

बेचाळीस वर्षं विडीच्या पानाची कड
याच पेरानं दाबून आत वळवली तिनं,
रोज हजार, सणाच्या तोंडावर बाराशे.
रेषा कुठे गेल्या ते तंबाखूला ठाऊक.
पेन्शनचा हयातीचा दाखला दर वर्षी असाच अडतो:
समोर बसलेली बाई जिवंत नाही, असं यंत्र म्हणतं,
आणि ती म्हणते, "मग च्या कुणाला सांगितलास?"

आज काही म्हणाली नाही.

आदल्या दिवशी हुद्दार वकिलांनी मला बाजूला घेतलं होतं.
मुखत्यारपत्र करा, पण ध्यानात असू द्या,
जिची बुद्धी शाबूत, तिच्याच जिवावर हा कागद.
उद्या तिला उमजेनासं झालं
की कागदालाही काही उमजत नाही.
म्हणजे ज्या दिवसासाठी करायचा
त्याच दिवशी तो संपायचा?
मग कशाला, मी विचारलं.
चष्मा पुसत म्हणाले, तोवरसाठी.
तोवर म्हणजे थोडं नसतं, बाई.
आणि मृत्युपत्र, बँकेतलं जोडखातं,
ती हो म्हणतेय तोवर उरकून घ्या.

तोवर.
रात्रीच्या बाईचे सात हजार.
तानाजीदादा इचलकरंजीहून फोनवर म्हणाला, निम्मे माझे;
कशाचे निम्मे, ते बोलला नाही.
छातीत कळ आली तर कोल्हापूर जवळ,
पण कार्ड इकडचं,
कोगनोळीचा नाका ओलांडला की त्या कार्डावर
नुसता पत्ता उरतो.
बेळगावात कार्ड चालतं.
बेळगावला पोचायला हवं.

कागद कन्नडात.
हुद्दार ओळीखाली बोट धरून मराठीत सांगत गेले
आणि आक्काताईनं मध्येच थांबवलं,
"शमशाद कुठाय ह्यात?"
शमशाद, शेजारची, तीस वर्षं
हिच्या सुपाला सूप लावून बसलेली.
"तिचं नाव घाला. दवाखान्यात न्यायचं का न्हाई
ते ती सांगंल.
ह्या पोरीला माझं दुखणं तोंडावरनं कळत न्हाई."

मी तिथंच उभी होते,
हातात तिच्या फोटोंच्या चार प्रती.

तरी डॉक्टरांकडून दाखला आणला होता मीच.
त्यांनी विचारलं, आज वार कोणता?
"बाजाराचा." बरोबर होतं.
शंभरातून सात-सात काढत जा, आजी.
"साताचा कट्टा असतोय व्हय? पंचवीसानं सांग."
आणि पंचवीसाच्या कट्ट्यांनी ती हजारापर्यंत गेली,
एकदाही न अडखळता.
डॉक्टरांनी सही केली.
दाराशी चप्पल घालताना तिनं माझ्याकडे बघून
त्यांना हळूच विचारलं,
"ही कुणाची म्हणायची?"
मी ऐकलं नाही असं केलं.
शिक्का ओला होता अजून.

शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली.
एवढ्या वर्षांत एकही पान न वळलेलं तेवढंच बोट.
हिरवा दिवा. कारकुनानं सुस्कारा सोडला.
सही तिनं मराठीत केली,
आ, क्का, ता,
मग पेन वर धरून थांबली.
मागे रांगेतलं कुणीतरी खाकरलं.
शमशादनं नुसता तिच्या कोपराला हात लावला,
तेव्हा ई आली, जरा खाली, चौकटीबाहेर.

रिक्षात मी कागद पिशवीत मोजत होते.
पावती तिच्या मांडीवर.
खड्ड्याखड्ड्यातून बोटं आपोआप चालू झाली,
कड दुमडली, पेरानं दाबली, वळली,
नखानं तोंड बंद केलं
आणि ती नीट वळलेली नोंद क्रमांकासकट
माझ्या हातात ठेवली.

"मोजून घे," म्हणाली.