उरलेला माल

सेलूच्या स्टेशन रोडला माझं दुकान आहे,
आठ बाय दहाचं.
दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत
छताला इतकी तोरणं टांगतो
की गिऱ्हाइकाला वाकूनच आत यावं लागतं.
झेंडू, मोगरा, आंब्याची पानं,
सगळं प्लॅस्टिकचं, धुता येण्यासारखं.
"किती वर्षं टिकंल?" बाया विचारतात.
मी म्हणतो, "माझ्यापेक्षा जास्त."
हसतात, आणि घेतात.

अकरा वर्षं झाली.
त्यातलं एकही आमच्या दाराला कधी लागलं नाही
हे माझ्या ध्यानात आलं ते यंदा.

यंदा धंदा बसला.
वसुबारसेच्या रात्री दोन खोकी
स्कूटीला बांधून घरी आणली.
म्हटलं, लाव, आपल्याला फुकटच आहे.
सुलोचना दारात उकिडवी बसलेली,
कोपरापर्यंत हात शेणात.
मान वर न करता म्हणायली,
"ठिवा तिथं."

शेण गाईचंच लागतं तिला.
दगडूबाच्या म्हशीचं एकदा आणून दिलं होतं,
तर म्हणे, ह्या गवळणींना कंबरच येत नाही.

एक गवळण तिनं जात्यावर बसवली, एक डेऱ्यापाशी.
एकीच्या डोक्यावर तीन घागरी:
बोराएवढी, हरभऱ्याएवढी,
आणि सगळ्यात वर, मला तर दिसेचना.
डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे.
रवीला तुराटीची काडी.
पेंद्याचा एक पाय आखूड झाला.
मी दाखवला.
"तो तसाच असतो," म्हणाली.

कुरडूचे तुरे, तरवडाची पिवळी फुलं
मोंढ्यामागच्या पडीक रानातून तिनं
माझ्याच दुकानाच्या पिशवीत भरून आणलेली.
आकाशकंदील तुराट्यांचा,
त्याला तिच्या मावशीच्या इरकलीचा विरलेला पदर.
दिवा लावला तर भिंतीवर उजेड पडला
मुरलेल्या लोणच्याच्या रंगाचा.

रात्री न राहवून विचारलं,
माझ्या मालात खोट काय आहे?
तिनं पायाला तेल लावत जरा विचार केला.
"खोट नाही वो.
पण ते वाळतच नाही.
सण संपला, हे त्याला कुणी सांगावं?"

म्हटलं, याच मालावर गॅस येतो तुझा,
पोरीची फी जाते.
"जाते की," म्हणाली,
आणि वाकळ ओढून झोपली.
मी बराच वेळ
खोक्यांवरची चिकटपट्टी बघत बसलो.

पाडव्याला सकाळी हसीनाबीची शेळी आली.
सुलोचना आंघोळीला गेलेली.
शेळीनं आधी झेंडू खाल्ला, शांतपणे,
मग आंब्याची पानं,
मग सुतळीसुद्धा चाखून पाहिली.
मग मी फोडलेल्या खोक्यात तोंड घालून
मोगऱ्याची एक माळ उचलली,
दोन-चार वेळा चावली,
माझ्याकडं पाहिलं,
आणि खाली ठेवली.
टाकली नाही. ठेवली.

हाकलायला गेलो, तर जाता जाता तिचा खूर
पेंद्याच्या चांगल्या पायावर पडला.

आता आतून बादलीचा आवाज येत होता,
आणि दारात मी, पन्नाशीचा माणूस,
शेणाची गोळी वळत.
पहिला पाय जाड झाला.
दुसरा गळून पडला.
तिसरा बसला, पण आखूड.
दोन्ही पाय आखूड झाल्यावर
तो लंगडा राहिलाच नाही,
नुसता बुटका झाला.
सुलोचना ओल्या केसांनी बाहेर आली,
पेंद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि नवी सुतळी शोधायला आत गेली.

दहाला दुकान उघडलं.
पाडव्याचं गिऱ्हाईक तुरळक.
वालूरची एक बाई वाकून आत आली,
आंब्याच्या पानांचं तोरण हातात घेतलं,
पान उलटं करून शीर पाहिली.
"किती वर्षं टिकंल?"

माझ्या नखांत अजून शेण होतं.
मी हात गल्ल्याखाली घेतला.
म्हटलं, "पुष्कळ."