आवाज वाढव

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
दस्तगीरमामूंच्या दुकानात संध्याकाळी
विलायती चॅनेल चालू असतं, मुकं.
जवारी काढताना कानाला दुसरं काही खपत नाही.
मग लावायचा कशाला, विचारलं तर म्हणतात,
कानस मारून डोळे शिणतात, त्यांना विसावा.

सातला एक म्हातारी गुलाबाची कलमं करते.
मामू मान हलवतात : कात्री बोथट आहे बाईची.
मग बातम्या. मग कसलीशी प्रश्नमंजुषा,
हरलेला माणूस जिंकलेल्यापेक्षा जास्त हसतो.
हवामान : नकाशाभर ढग,
आणि ढगांपुढं उभी पोरगी खुशीत.

काल जुन्या वस्तूंचा कार्यक्रम होता.
घड्याळं, किटल्या, कुणाच्या आजोबांची पदकं,
आणि एकदम, टेबलावर आडवा, तंबोरा.
मामूंची कानस थांबली.
"आवाज वाढव रे."
मी बटण दाबलं. न वापरून रबर कडक झालेलं,
दोनदा दाबावं लागलं.

"भोपळा बेगमपूरचा," मामू पुटपुटले,
"आणि ते हस्तिदंत नाही, हाड आहे."
टायवाला गृहस्थ बरंच बोलला,
शेवटी पौंडात किंमत सांगितली.
समोरच्या बाईनं तोंडावर हात नेला.
मी गुणाकार करत होतो, शून्यं चुकत होती.

तारेला कुणी बोट लावलं नाही.

मामू अजून थोडं थांबले.
मग म्हणाले, "कर बारीक."
घोडीवर फुंकर मारली, तारेखाली दोरा सरकवला,
केसाएवढा,
आणि पंचम छेडला.

पडद्यावर कुणीतरी केक कापत होतं.
आतून कच्चा निघाला.