ऐंशी सेंटचा वॉशर

एजंटबाई, सोफिया पेनिटोआ,
बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणाली:
फार काही नको. दोनशे डॉलरांत बसवा.
लोक घर घेतात ते याच खोलीत.
नळ सोडून बघतात, वास घेतात, आणि ठरवतात.

मग लॅखलन आणि मी,
ज्यांचं बाकी सगळं वाटून झालं होतं,
त्याला बोट, मला पियानो,
कुत्रा म्हातारा होऊन गेला, तो प्रश्न तसाच मिटला,
शनिवारी सकाळी एकाच गाडीत बसून
हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

आमची बाथरूम घराच्या दक्षिण अंगाला.
डनीडनमध्ये दक्षिण म्हणजे
थेट अंटार्क्टिकाकडे तोंड.
ऊन तिकडे फिरकत नाही.
बुरशी मात्र येते, हक्काने, माहेरी आल्यासारखी.

टबाच्या कडेचं जुनं सिलिकॉन
मी ब्लेडने उचकटलं.
तुटलं नाही. अख्खं निघालं,
काळपट, लांब, सापाच्या कातीसारखं,
आणि त्यात अडकलेला
एल्स्पेथचा एक तांबूस केस.
ती आता पर्थला असते, केस निळे करते.
मी तो टाकून दिला.
मग कचऱ्यात कोपरापर्यंत हात घालून शोधला.
सापडला नाही.

लॅखलन तोवर नळापाशी.
हा नळ अकरा वर्षं गळत होता.
अकरा वर्षं त्याचं 'करतो' आणि माझं 'कधी?'
यांच्या मधोमध तो थेंब पडत होता,
बेसिनवर गंजाची एक जीभ उमटेपर्यंत.
भांडणं आम्ही मोठ्या गोष्टींवर केली,
पैशावर, त्याच्या आईवर, नेल्सनच्या त्या उन्हाळ्यावर.
पण अंथरुणाला पाठ टेकली
की मी मोजायचे ते थेंब.

त्याने पान्ह्याने नळ खोलला.
आतून निघाला एक काळा रबरी वॉशर,
झिजून बशीसारखा झालेला.
नवा ऐंशी सेंटला. सुटा मिळत नाही,
चारांचं पाकीट घ्यावं लागतं.
'एवढंच होतं?' मी म्हणाले.
'एवढंच,' तो म्हणाला,
आणि कोरडाच असलेला पान्हा
बराच वेळ पुसत राहिला.

बाकीचं भराभर झालं.
पितळी रंगाचे हूक. खिडकीत नेच्याची कुंडी.
दोन पांढरे टॉवेल, ज्यांना हात लावायचा नाही.
जुन्या वस्तूंच्या दुकानातली काचेची बरणी,
तिच्यात कोणीच वापरणार नाही असा कापूस.
कमोडचं नवं झाकण
सावकाश, मानाने, आवाज न करता मिटतं.
आम्ही ते तीनदा उघडून पाहिलं.

सिलिकॉन सुकायला चोवीस तास,
तोवर पाण्याचा थेंब लागता कामा नये.
म्हणून त्या रात्री स्वयंपाकघरातल्या सिंकवर
खांद्याला खांदा लावून दात घासले.
आधी कोणी थुंकायचं
हे नजरेनेच ठरलं.

रात्री झोप लागेना.
तो एल्स्पेथच्या खोलीत, मी आमच्या.
भिंतीपलीकडून आवाज आला,
'मोयरा, ऐकतेयस?'
'काय?'
'तेच. काहीच नाही.'
बाहेर वारा छपराचा पत्रा हलवत होता,
टेकडी उतरणारी एक गाडी ब्रेक दाबत होती,
आणि या सगळ्यात
एक थेंब कमी होता.

रविवारी माणसं आली.
दारात बूट काढून, मोज्यांवर घरभर फिरली.
आम्ही बाहेर जायचं ठरलं होतं. लॅखलन गेला.
मी कोटाचं निमित्त करून मागे राहिले.

एका पोटुशी मुलीने नळ सोडला, बंद केला,
आणि वाकून क्षणभर थांबली.
'बघ,' ती नवऱ्याला म्हणाली,
'किती निगुतीने ठेवलंय यांनी सगळं.'

माझ्या खिशात उरलेले तीन वॉशर होते.
तिच्या हातावर ठेवावेत, म्हणावं,
पोरी, पहिल्याच रात्री बदल,
उद्यावर टाकू नकोस.
पण सोफियाने दारातून डोळे वटारले.
मी बाजूला झाले.

सगळे गेल्यावर ते तीन वॉशर
बरणीत घातले, कापसाच्या तळाशी.
सापडले तर सापडतील.