चौथी बरणी

आमगा नदीच्या ढासळत्या काठावरून
ऐतालने माती पाठवली, माशांच्या डब्यात, बर्फासकट.
चिठ्ठीवर: साडेचार मीटर खोल.
खाली पेन्सिलीने: वितळली की वास मारते.

मी चाळली, मुळांचे केस चिमट्याने वेचले,
पन्नास-पन्नास ग्रॅम बरण्यांत भरली.
काकड्यांच्या बरण्या. तीनदा धुतल्या,
तरी झाकणाला शेपूचा वास.

प्रत्येकीत एक इवली वाटी, वाटीत कॉस्टिक सोडा.
आत जे कोणी असतील ते श्वास सोडतील,
सोडा तो गिळेल,
आणि शनिवारी मी सोड्याला विचारीन,
किती गिळलास?

एक बरणी मेलेली: तीच माती, तीनदा वाफेवर शिजवलेली.
एक कोरी: मातीच नाही,
नुसती या खोलीतली हवा.

शनिवारी जुलुस्तान आला. त्याचं कुरण
गेल्या उन्हाळ्यात खचलं, मधोमध तळं झालं.
बूट न काढता दारातच उभा.
"दिसतात का ते?"
नाही.
"मग मोजतेस कशी?"
गोठ्यात दिवा नसतो तेव्हा गाई आहेत हे तुला कसं कळतं?
बराच वेळ विचार करून म्हणाला,
"उबेवरून."
उबेवरूनही मोजतात, पण ते यंत्र याकुत्स्कला आहे,
आणि मार्चपासून बंद आहे.

झाकण उघडताना मी श्वास रोखते.
माझाही उच्छ्वास सोडा खातो,
त्याला माझं-त्यांचं कळत नाही.
पहिली. दुसरी. तिसरी.
चौथी उघडली आणि जुलुस्तान वाकला, अगदी तोंडाशी,
जसा वासराच्या नाकाशी वाकत असेल,
आणि हळूच म्हणाला,
"झोपा रे."

मग आम्ल. फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वाटी गुलाबी.
थेंब. गुलाबी जरा विरतो, परततो.
थेंब.
अर्धा थेंब, काचेच्या कडेने,
आणि एकाएकी नुसतं दूध.

हिशेब उलटा असतो:
जितकं आम्ल कमी लागेल, तितका श्वास जास्त.
कोरीला तेवीस. शिजवलेलीला बावीस.
आमगाच्या मातीला नऊ, नऊ, साडेआठ.
किती हजार वर्षं निजले होते, कुणास ठाऊक,
उठल्याउठल्या ही भूक.

"नऊ म्हणजे चांगलं?"
वहीत तसा रकाना नाही, मी म्हटलं.
कोऱ्या बरणीचं सगळ्यांतून वजा करायचं असतं:
स्टोव्ह, भिंती, मी, दर वेळी थोडी थोडी मी.

तो निघाला. बाहेर उणे अठ्ठेचाळीस.
फाटकापाशी त्याचा श्वास पांढरा होऊन
टोपीच्या लोकरीवर बसला, आणि तसाच गेला
त्याच्यासोबत, बिनमोजणीचा.

चौथीसमोर लिहिलं: बाद. कारण:
इथे पेन थांबलं.
मग लिहिलं,
जुलुस्तान बोलला.