पाच सेकंद

टोलेडोत, ॲडम्स स्ट्रीटवर, चावीवाल्याच्या शेजारी
ऑर्विल स्टाहुराचं नाण्यांचं दुकान. मागच्या मोरीत मी.
वय सोळा, तासाला तीन डॉलर पस्तीस सेंट, काम एकच :
काळवंडलेली चांदी चिमट्यात धरायची,
बरणीतल्या द्रावात सोडायची,
पाच आकडे मोजायचे,
नळाखाली धरायची, टॉवेलवर टिपायची.
घासायची नाही. घासलीस तर बोटं छाटीन, म्हणायचा ऑर्विल,
आणि हसायचा नाही.

बरणीला सडक्या अंड्यांचा वास.
शाळेत माझ्या शेजारची जागा रिकामीच असे.

तेव्हा गिऱ्हाइकाला पांढरं हवं असायचं.
टाकसाळीतून आज सकाळीच बाहेर पडल्यासारखं,
शंभर वर्षांत कुणाच्या खिशाला, घामाला
न लागल्यासारखं.
डाग म्हणजे रोग. निळी कड म्हणजे कुणाची तरी हयगय.
काचेखाली मांडलेले आमचे डॉलर
दवाखान्यातल्या चादरींसारखे दिसायचे
आणि लोक खूश होते.

मिसेस प्रोहास्का तंबाखूचा डबा घेऊन आली.
नवऱ्याचे बारा अर्धे डॉलर,
कडेला जांभळे, मधे मधासारखे.
नातवंडांना द्यायचेत, जरा उजळून दे, म्हणाली.
बारा गुणिले पाच. मिनिटभराचं काम.
तिनं एकेक उचलला, उलटा केला,
पुन्हा उलटा केला.
"हे त्याचे नाहीत," म्हणाली.
ऑर्विलनं वजन करून दाखवलं, सालं वाचून दाखवली.
ती पैसे देऊन गेली. डबा विसरून गेली
की ठेवून गेली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चांदीलाही पाणी असतं, मोत्याला असतं तसं.
नाणं तिरकं धरून फिरवलं की त्यावर एक उजेड चालतो.
प्रत्येक बुडीनंतर तो थोडा लंगडतो.
पाण्यात घालून पाणी उतरवायचं,
हा आमचा धंदा.

आता कोलंबसच्या हॉटेलात प्रदर्शन भरतं, तेव्हा
तरणी पोरं खिशातून बारके दिवे काढतात.
मोरपंखी दाखवा, डाळिंबी दाखवा,
डबक्यावर पेट्रोल सांडल्यासारखं काहीही दाखवा,
किंमत दसपट, वीसपट.
बँकेच्या तळघरात ज्या पिशवीत डॉलर पडून होता
त्या पिशवीच्या कापडाची वीण त्याच्या गालावर उमटली असेल
तर त्या विणीचे वेगळे पैसे.
आणि पांढरी नाणी? ती ट्रेमध्ये, वजनावर.
डेक्स्टर लुंडग्रेन तर बटाट्यात नाणं खुपसून
भट्टीत भाजतो, म्हणे, आणि म्हातारपण म्हणून विकतो.
ऑर्विल असता तर म्हणाला असता,
मग आपण वेगळं काय करत होतो?
नाही, तो असं म्हणाला नसता.
मीच म्हणतोय.

एक डॉलर माझ्याजवळ आहे. त्र्याऐंशी सालचा नव्हे,
त्र्याऐंशी साली हाती आलेला.
गालावर वीण, हनुवटीखाली हिरवी चंद्रकोर.
द्रावात सोडला, एक म्हटलं, दोन म्हटलं,
आणि का कोण जाणे, वर काढला.
उशीर झाला होता.
हळदीचे हात धुतल्यावर पाणी राहतं, तेवढाच रंग राहिला.
ऑर्विलनं तो माझ्या गळ्यात मारला, पगारातून कापून.

तेव्हापासून तो खणात आहे,
टोमॅटोच्या बियांच्या रिकाम्या पाकिटात.
गेल्या काही वर्षांत कडेनं काहीतरी सुरू झालंय :
आधी तांब्याची छटा, मग एक निळी रेघ,
अगदी बारीक, पोराला मिशी फुटावी तशी.
तज्ज्ञांकडे पाठवला. परत आला.
सोबत चिठ्ठी : रंग शंकास्पद. फी परत मिळणार नाही.
त्यांचं चुकलं असंही नाही.

खिडकीत उन्हाला ठेवला तर लवकर रंगेल,
एवढं या धंद्यात मलाही कळतं.
ठेवत नाही. तेवढं पथ्य पाळतो.
रविवारी मात्र पाकीट उघडून बघतो,
श्वास धरून.
तेही करू नये म्हणतात.